वाचकांचे प्रश्न : शेल्टरमधल्या गोचिडी, पिसवा आणि जंत

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: औषधावर पैसे जातात आणि गोचिडी, पिसवा, जंत जिथल्या तिथे. म्हणून सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. खालची प्रमाणं निरोगी जनावरासाठी आहेत. गाभण, आजारी किंवा अगदी अशक्त जनावराला आणि कुठलंही इंजेक्शन द्यायचं असेल तर ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच.

आमच्याकडे ४० कुत्री आहेत. दर महिन्याला गोचिडीच्या औषधाने आंघोळ घालतो. आठवडाभर बरं असतं, मग पुन्हा कान भरलेले. औषध बनावट येतंय का?
*(वाचक, सातारा)*

बनावट असेलच असं नाही. तुम्ही कुत्री धुताय आणि गोचिडी राहतात भिंतीत.

आपल्याकडे कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड असते ती आयुष्यात तीनदा रक्त पिते. अंड्यातून निघाल्यावर सहा पायांची, मोहरीहूनही बारीक असताना एकदा, मग आठ पायांची झाल्यावर एकदा आणि पूर्ण वाढल्यावर शेवटचं. दर वेळी पोट भरलं की ती कुत्र्यावरून उतरते, फटीत शिरते, कात टाकते आणि पुन्हा कुत्रं शोधायला निघते. शेवटच्या वेळी एरंडाच्या बीसारखी फुगलेली करडी मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत जाते आणि तिथे हजारांच्या घरात अंडी घालून मरते. हवा उबदार असेल तर अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतचा फेरा दोनेक महिन्यांत पुरा होतो. उपाशी मोठी गोचीड फटीत कित्येक महिने तग धरते. म्हणजे तुम्ही ज्या दिवशी आंघोळ घालता त्या दिवशी कुत्र्यांच्या अंगावर असतो तो एकूण फौजेचा छोटासा भाग.

रात्री बॅटरी घेऊन शेडमध्ये फिरा. जमीन नंतर, आधी वर बघा. ही गोचीड चढणारी आहे. भिंत आणि पत्रा जिथे मिळतात ती रेघ, दाराच्या बिजागऱ्या, वायरिंगच्या पट्टीची मागची बाजू, पाइपाचे क्लॅम्प, पिंजऱ्याच्या चौकटीचे कोपरे. लालसर-तपकिरी दाण्यांचे पुंजके दिसतील. ते दिसले की पैसे कुठे खर्च करायचे हे वेगळं सांगावं लागत नाही.

काम असं करा. आदल्या दिवशी सगळी गोणपाटं बाहेर काढा. जुनी जाळून टाका, ठेवायची ती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. भेगा सिमेंटने बुजवा आणि वरून चुन्याचा जाड हात द्या. चुन्याने गोचिडी मरतात म्हणून नव्हे, लपायला जागा उरत नाही म्हणून. सिमेंट-विटांच्या भिंतीवर गॅसच्या ज्योतीचा पंप फिरवला तर अंडीसुद्धा जळतात. फवाऱ्याने अंडी सहसा मरत नाहीत. ज्योत फिरवताना शेड पूर्ण रिकामी हवी, आणि गवत, लाकूड, प्लॅस्टिक, वायरिंग यांच्या आसपास ज्योत नेऊच नका.

त्याच दिवशी झाडून सगळी कुत्री औषधाखालून गेली पाहिजेत. चाळीसपैकी पस्तीस केली आणि पाच चावरी म्हणून राहिली तर ती पाच कुत्री पुढच्या पिढीची खानावळ होतात. त्यांना तोंडाची जाळी घाला, नाहीतर त्यांच्यापुरती गोळी द्या (पुढचं उत्तर पाहा). मग १४व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी हेच पुन्हा. अंडी फुटायला अडीच ते चार आठवडे, थंडीत त्याहून जास्त लागतात. महिन्यातून एकदा औषध लावलं की मधल्या काळात फुटलेली पिढी आरामात जेवून जाते.

आता मिश्रण. अमिट्राझ १२.५ टक्के हे गोचिडीचं औषध सर्वांत स्वस्त पडतं. त्याच्या १ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणून १ लिटर पाण्यात २ मिली टाकलं की ०.०२५ टक्के द्रावण होतं. लेबलवर गाय, शेळी, कुत्रा यांच्या ओळी वेगळ्या असतात, कुत्र्याचीच ओळ वाचा. मध्यम कुत्रं कातडीपर्यंत भिजायला सव्वा लिटर लागतं. म्हणजे ४० कुत्र्यांना ५० लिटर, त्याला १०० मिलीची एक बाटली. झाकणाने मोजू नका, सिरिंज वापरा.

चुका ठरलेल्या असतात. मळलेल्या अंगावर औषध घालणं (आदल्या दिवशी साध्या साबणाने धुवा), औषधानंतर पाण्याने धुणं (धुवायचं नाही, अंगावरच वाळू द्यायचं), कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली स्पंज न फिरवणं, आणि उरलेलं द्रावण झाकून पुढच्या वेळेला ठेवणं. पाण्यात कालवलेलं अमिट्राझ टिकत नाही. त्याच दिवशी संपवा, आणि उरलेलं ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, माशांना ते विष आहे.

चार महिन्यांखालची पिल्लं, गाभण व अंगावर पाजणाऱ्या कुत्र्या, उघड्या जखमा असलेली आणि मधुमेही कुत्री यांना अमिट्राझ नाही. मांजराला कधीच नाही. औषधानंतर कुत्रं गळून पडलं, अंग गार पडलं, नाडी मंदावली तर अंग पुसून, उबेत ठेवून लगेच डॉक्टरकडे न्या. यावर उतारा आहे. काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि मोकळ्या हवेत उभं राहावं. मधुमेह असलेल्या माणसाला या कामाला लावू नका.

गोचिडीवरच्या फ्लुरालॅनरच्या गोळीचा परिणाम तीन महिने टिकतो म्हणतात, पण ४० कुत्र्यांना परवडणार कशी? मोठी गोळी अर्धी करून दोघांना दिली तर चालतं का?
*(वाचक, ठाणे)*

आधी किमतीकडे बघायची रीत बदला. गोळीची किंमत भागिले ती किती दिवस चालते, हा एका कुत्र्याचा रोजचा खर्च. तोच हिशेब अमिट्राझचा मांडताना औषधाबरोबर पाणी, दोन माणसांची दिवसभराची मजुरी आणि दर पंधरवड्याची पुनरावृत्ती धरा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही आकडे वाटतात त्यापेक्षा जवळ येतात.

या गोळीचा खरा फायदा निराळा आहे. तपकिरी गोचीड तिन्ही वेळा कुत्र्यावरच जेवते. म्हणजे सगळी कुत्री एकाच दिवशी गोळीवर आली तर पुढचे १२ आठवडे भिंतीतून बाहेर येणारी प्रत्येक गोचीड जेवायला येते आणि मरते. कुत्रीच सापळा बनतात. म्हणून पैसे कमी असतील तर वर्षभर निम्म्या कुत्र्यांना गोळी देण्यापेक्षा एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी, सगळ्यांना द्या, सोबत भिंती दुरुस्त करा आणि नंतर अमिट्राझवर या. निम्म्यांना दिलेली गोळी त्या निम्म्यांचं रक्त वाचवते, शेड मात्र तशीच राहते.

अर्धी करण्याबद्दल: कंपन्या तोडू नका म्हणतात, कारण औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेल याची हमी त्या देत नाहीत. तरी अनेक शेल्टरं ती तोडतात हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, आणि मग वजनाचा हिशेब चोख हवा. किमान मात्रा किलोला २५ मिलिग्रॅम. १००० मिलिग्रॅमची गोळी अर्धी केली तर ५०० मिलिग्रॅम होते आणि ती २० किलोपर्यंत पुरते. पण अर्धुक अगदी अर्धं कधीच नसतं, म्हणून १६-१७ किलोच्या वर जाऊ नका. दोन्ही तुकडे त्याच दिवशी वापरा. चार-चार तुकडे करणं हा निव्वळ जुगार आहे.

गोळी भरल्या पोटी द्या. रिकाम्या पोटी दिलेली नीट शोषली जात नाही, आणि मग 'गोळी लागू पडली नाही' अशी तक्रार येते. झटके येणाऱ्या कुत्र्याला या गटातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

कुत्रीची पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होतात न होतात तोच पांढरी पडून मरतात. सहा आठवड्यांची झाली की जंताचं औषध देतो. आणखी काय करायचं?
*(वाचक, अहिल्यानगर)*

सहा आठवडे म्हणजे फार उशीर.

कुत्र्यांच्या गोल जंताच्या अळ्या आईच्या स्नायूंत झोपलेल्या असतात. गाभणपणात त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांत जातात. पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं. दुसरा, अंकुशकृमी, आईच्या दुधातून जातो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी तिथे चुन्यासारखी पांढरी दिसली तर तो बहुधा हाच, किंवा पिसवा, किंवा दोन्ही. विष्ठेत अंडी दिसण्याआधीच पिल्लू मरू शकतं, त्यामुळे 'तपासणीत काही निघालं नाही' याने निश्चिंत होऊ नका.

वेळापत्रक वयावर: २, ४, ६ आणि ८ आठवड्यांना, मग सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्यातून एकदा. प्रत्येक वेळी आईलाही त्याच दिवशी. मांजराच्या पिल्लांना नाळेतून जंत जात नाहीत, दुधातून जातात, म्हणून त्यांचं तिसऱ्या आठवड्यापासून सुरू केलं तरी चालतं. दर दोन आठवड्यांनी का, तर औषध आतड्यातले जंत मारतं, फुप्फुसात आणि मांसात फिरणाऱ्या अळ्यांना ते लागत नाही. त्या नंतर आतड्यात उतरतात, आणि त्या अंडी घालायला लागण्याआधी पुढचा डोस पडला पाहिजे.

लहान पिल्लांना पायरँटेल सर्वांत सुरक्षित. बाजारात पायरँटेल आणि फेबँटेल एकत्र असलेली पिल्लांची पातळ औषधं मिळतात, त्यांचं प्रमाण साधारणपणे किलोला १ मिली असतं. लेबल तरीही वाचा. आणि बाटली प्रत्येक पिल्लाआधी हलवा. ही औषधं तळाशी बसतात. एकदाच हलवून दहा पिल्लांना पाजलं की पहिल्यांना पाणी आणि शेवटच्यांना गाळ मिळतो. ४०० ग्रॅमचं पिल्लू डोळ्यांनी 'अर्धा-एक किलो' वाटतं, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. आमच्या मते शेल्टरमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त पैसे वाचवणारी वस्तू तीच.

हिरड्या अगदी पांढऱ्या असतील तर नुसतं जंताचं औषध पुरत नाही. रक्त चढवावं लागू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गाभण कुत्रीला ४०व्या दिवसापासून विल्यानंतर १४व्या दिवसापर्यंत रोज फेनबेंडाझोल दिलं तर पिल्लांत जाणारे जंत बरेच कमी होतात. पण रस्त्यावरून आलेल्या कुत्रीचा ४०वा दिवस कोणाला माहीत असतो? १५ किलोच्या कुत्रीला रोज ७५० मिलिग्रॅम, असे सदतीस-अडतीस दिवस. ते पैसे पिल्लांच्या वेळापत्रकावर आणि आईच्या नसबंदीवर घाला.

गुरांचा जंतनाशक बोलस (मोठी गोळी) स्वस्त मिळतो. तो कुत्र्यांना चालेल का? शाळेत जंतनाशक दिनाला देतात ती अल्बेंडाझोलची गोळी?
*(वाचक, सांगली)*

बोलस चालतो, पण कुठला ते बघून. त्यात फक्त फेनबेंडाझोल हवं. गुरांच्या बऱ्याच बोलसांत लेव्हामिसोल, ऑक्सिक्लोझानाइड किंवा आयव्हरमेक्टिनही असतं, ती कुत्र्या-मांजरांना नकोत. पाकिटावरचं अक्षर बारीक असतं, तरी तेच वाचा; दुकानदाराच्या तोंडच्या नावावर जाऊ नका.

फेनबेंडाझोलची मात्रा किलोला ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सलग ३ दिवस. कुत्रं-मांजर दोघांनाही तीच. गुरांना किलोला ५ ते ७.५ मिलिग्रॅम आणि एकच दिवस पुरतं, त्यामुळे गुरांच्या तक्त्यावरून कुत्र्याला दिलेला डोस नेहमी कमी पडतो. इथेच 'औषध लागू पडत नाही' सुरू होतं. दीड ग्रॅमचा एक बोलस म्हणजे ३० किलो वजनाचा एका दिवसाचा डोस. १५ किलोच्या कुत्र्याला अर्धा बोलस, तीन दिवस. १० टक्के पातळ औषध असेल तर किलोला अर्धा मिली: १२ किलोला रोज ६ मिली. अडीच टक्के असेल तर किलोला २ मिली. बाटलीवरचा टक्का बदलला की मिली बदलतात, फळ्यावर दोन्ही लिहून ठेवा.

बोलस कुटून सगळ्यांच्या भाताच्या पातेल्यात कालवू नका. दांडगं कुत्रं चौघांचं खाऊन जातं आणि कोपऱ्यातलं उपाशी राहतं. एकेकाला त्याच्या वाटणीचा गोळा, अंड्यात किंवा कोंबडीच्या रश्शातल्या भातात, समोर उभं राहून भरवा.

अल्बेंडाझोल नको. माणसाला ते ठीक आहे, पण कुत्र्या-मांजरांत चुकीच्या मात्रेने किंवा वारंवार दिल्यास अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटतात, आणि गाभण मादीच्या पिल्लांना धोका असतो. फेनबेंडाझोल आणि पायरँटेल हाताशी असताना तो धोका घ्यायचं कारण नाही. तसंच, जुनं पायपराझिनचं सरबत पडून असेल तर ते फक्त गोल जंतांवर चालतं, आणि पायरँटेलसोबत देऊ नका. एक जंताचे स्नायू सैल पाडतं, दुसरं आखडवतं, दोघं एकमेकांचं काम मोडतात.

कुत्र्यांच्या शेपटीजवळ तांदळाच्या दाण्यासारखं काही हलतं. तीन दिवस फेनबेंडाझोल दिलं, फरक नाही.
*(वाचक, कोल्हापूर)*

पडणार नाही. हा पिसवांमुळे होणारा पट्टकृमी आहे, त्यावर फेनबेंडाझोल चालत नाही. प्राझिक्वांटेल द्या, किलोला ५ मिलिग्रॅम, एकदाच. कुत्र्यांच्या नेहमीच्या तीन औषधांच्या गोळीत ते ५० मिलिग्रॅम असतं, म्हणून १० किलोला एक गोळी. पण कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि त्या पिसवेच्या पोटात कृमी असतो. पिसवा राहिल्या तर तीन-चार आठवड्यांत तांदूळ परत.

कत्तलखान्यातलं कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्यांना घालत असाल तर ते थांबवा, निदान अर्धा तास उकळा. त्यातून येणारा बारीक पट्टकृमी कुत्र्याला फारसा त्रास देत नाही, माणसाच्या यकृतात मात्र पाण्याच्या गाठी करतो.

लूत लागलेल्या कुत्र्यांना आमच्याकडे गाडीचं जळकं ऑइल लावतात. कोणी म्हणतं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्त आहे. काय खरं?
*(वाचक, नाशिक)*

ऑइल, रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी, शेतातलं क्लोरपायरीफॉस यातलं काहीही लावू नका. कुत्रं ते चाटतं. जळक्या ऑइलने कातडी भाजते आणि आतून यकृत-मूत्रपिंड जातं. शेतीच्या औषधाने लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, अंग थरथरतं, आणि डॉक्टर येईपर्यंत बरीच कुत्री जातात.

आयव्हरमेक्टिन खरंच स्वस्त आहे आणि खरजेच्या किड्यावर चांगलं चालतं. घोळ होतो तो दशांश चिन्हात. १ टक्का इंजेक्शनच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम असतं. खरजेला किलोला ०.२ मिलिग्रॅम लागतं. १० किलोच्या कुत्र्याला २ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ मिली. दोन मिली नव्हे. ही बाटली गाई-म्हशींसाठी बनलेली आहे, ५० किलोला १ मिली या हिशेबाने. म्हणून इन्शुलिनची किंवा १ मिलीची सिरिंजच वापरा, ५ मिलीची खोलीतसुद्धा ठेवू नका. इन्शुलिनच्या सिरिंजवर युनिटच्या रेघा असतात, पण सिरिंज कुठली ते आधी वाचा: U-100 वर १०० युनिट म्हणजे १ मिली, तेव्हा ०.२ मिली म्हणजे २० युनिट; U-40 वर ४० युनिट म्हणजे १ मिली, तेव्हा ०.२ मिली म्हणजे ८ युनिट. डोस १४ दिवसांनी पुन्हा, सहसा दोन-तीनदा. सुई डॉक्टरांच्या हातची किंवा त्यांच्या देखरेखीतली असावी.

कॉली, शेटलंड, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरातल्या कुत्र्यांना या मात्रेने मेंदूवर विषबाधा होऊ शकते. शहरातल्या शेल्टरमध्ये सोडून दिलेली जातिवंत कुत्री येतात, तेव्हा हे लक्षात ठेवावं लागतं. सहा आठवड्यांखालच्या पिल्लांनाही नको. डोस जास्त झाला की बाहुल्या मोठ्या होतात, चाल लटपटते, लाळ गळते, पुढे कुत्रं बेशुद्ध पडतं. नेमका उतारा नाही, दिवसेंदिवस सलाइन आणि शुश्रूषा करावी लागते. आणि पिसवांवरची स्पिनोसॅडची गोळी चालू असलेल्या कुत्र्याला लुतीच्या मात्रेचं आयव्हरमेक्टिन देऊ नका, विषबाधेचा धोका वाढतो.

गोचिडींसाठी फ्लुरालॅनर देणारच असाल तर लुतीचा खर्च वेगळा करू नका. लुतीचे दोन्ही प्रकार, खरूज आणि डेमोडेक्स (केसांच्या मुळाशी राहणाऱ्या किड्याची लूत), त्यात सुधारतात. लुतीचं कुत्रं वेगळं ठेवा, आणि त्याला हाताळणाऱ्याच्या हातांवर, पोटावर खाज सुटली तर तीच खरूज समजा. माणसावर ती फार दिवस टिकत नाही, पण त्याने त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

आमच्याकडे कुत्री आणि मांजरं एकाच आवारात आहेत. कुत्र्याच्या मानेवर घालायचे थेंब थोडे कमी करून मांजराला घातले तर?
*(वाचक, म्हापसा, गोवा)*

नाही. अर्धे, पाव, एक थेंब, काहीच नाही. त्या थेंबांत पर्मेथ्रिन असू शकतं, आणि मांजराच्या यकृतात ते फोडून बाहेर टाकायची यंत्रणाच कमकुवत असते. काही तासांत अंग थरथरतं, मग झटके. चुकून लागलंच तर भांड्याच्या पातळ साबणाने, कोमट पाण्यात धुवा (गरम पाण्याने औषध जास्त शोषलं जातं), टॉवेलात गुंडाळून लगेच दवाखान्यात न्या. शेडमध्ये डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन फवारायचं असेल तर मांजरं दुसऱ्या इमारतीत, आणि जमीन पुरती वाळल्याशिवाय परत नाही. ज्या कुत्र्याला पर्मेथ्रिन लावलंय त्याच्या कुशीत मांजर झोपत असेल तर तेही वेगळं.

मांजरांसाठी स्वस्तात फिप्रोनिलचा ०.२५ टक्के स्प्रे, किलोला ३ ते ६ मिली. १०० मिलीच्या नेहमीच्या बाटलीचा एक दाब म्हणजे साधारण अर्धा मिली, २५० मिलीच्या बाटलीचा दीड मिली. अर्ध्या किलोच्या पिल्लाला लहान बाटलीचे तीन दाब पुरे. थेट अंगावर फवारू नका, हातमोज्यावर घेऊन केसांत उलटं चोळा, तोंडाला बोटाने हलकेच. मद्यार्क असतो, म्हणून मोकळ्या हवेत, शेगडीपासून दूर, आणि नंतर पिल्लू वाळेपर्यंत उबेत. दोन दिवसांच्या पिल्लांनाही ते चालतं, त्यामुळे कुत्र्याच्या नवजात पिल्लांवरच्या पिसवांनाही हेच वापरा. ससे असतील तर त्यांच्यावर मात्र फिप्रोनिल कधीच नाही.

पिसवांचं गणित गोचिडीसारखंच. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या सुमारे ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात, फरशीच्या सांध्यात. कोशावर फवारणी चालत नाही. म्हणून गोधड्या आठवड्याला गरम पाण्यात, सांधे रोज झाडून केर बंद पिशवीत. ओळखायचं कसं? बारीक फणीने निघालेला काळा भुसा ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. नाही पसरला तर धूळ.

पावसाळ्यात जंत फार वाढतात. रोज फिनेलने धुतो तरी. मातीच्या अंगणात काय टाकावं?
*(वाचक, रत्नागिरी)*

फिनेलने वास जातो, जंताची अंडी नाही. गोल जंताच्या अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की ब्लीचही त्याला मारत नाही, फार तर त्याचा चिकटपणा काढतं, मग ते घासून वाहून जातं. उकळतं पाणी आणि वाफ मात्र मारते. मांजरांच्या पिंजऱ्यात फिनेल वापरूच नका, त्यांना ते बाधतं.

स्वस्त उपाय वेळेचा आहे. अंकुशकृमीची अंडी ओल्या उबदार मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याच्या आत अळी कातडीतून शिरायला तयार होते. पिल्लांच्या जुलाबातले कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) साधारण दिवसभरात संसर्गजन्य होतात. गोल जंताच्या अंड्याला दोन ते चार आठवडे लागतात, पण नंतर ते मातीत वर्षानुवर्षं राहतं. म्हणजे विष्ठा दिवसातून दोनदा उचलली तर यातलं बहुतेक तयार होण्याआधीच बाहेर जातं. आधी सुकं उचला, मग पाणी. विष्ठेवर सरळ पाण्याचा पाइप सोडला की अंडी अंगणभर पसरतात. उचललेली विष्ठा भाजीच्या खतात घालू नका.

अंकुशकृमीची अळी ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. कोकणात जूनपासून चार महिने ते दोन्ही मिळत नाही, म्हणून पावसाळ्यापुरती कुत्री सिमेंटच्या उताराच्या फरशीवर ठेवा आणि मातीचं अंगण बंद करा. उघड्या मातीसाठी टाकणखार, दोन चौरस मीटरला १ किलो, पावसाच्या उघडिपीत. त्याने गवत मरतं, आणि कुत्र्यांना त्या जागी चाटू देऊ नका. आमच्या मते मोठ्या अंगणाला ते परवडत नाही, पिल्लांच्या कोपऱ्यापुरतं ठीक. कामगारांनी गमबूट घालावेत. अनवाणी पायावर नागमोडी, खाजणारी लाल रेघ उठली तर तीच अळी.

सगळ्यांना सरसकट औषध देण्यापेक्षा तपासून दिलं तर पैसे वाचतील का?
*(वाचक, पुणे)*

पिल्लं, त्यांच्या आया आणि दारातून नव्याने येणारं प्रत्येक जनावर यांना न तपासता, आल्या दिवशीच. मुक्कामी मोठ्या कुत्र्यांचं मात्र तपासून करा, तिथे पैसे वाचतात.

एक जुना सूक्ष्मदर्शक आणि साखर पुरते. ३५५ मिली गरम पाण्यात ४५० ग्रॅम साखर विरघळवून गार करा. दहा कुत्र्यांची ताजी विष्ठा, प्रत्येकी वाटाण्याएवढी, एकत्र कालवून चमचाभर घ्या, साखरपाण्यात घोटा, चहाच्या गाळणीने गाळून उभ्या नळीत काठोकाठ भरा, पाणी थोडं वर फुगलं पाहिजे. वर काचेची चकती ठेवा. पंधरा मिनिटांनी चकती सरळ वर उचलून पट्टीवर ठेवा आणि १०च्या भिंगाखाली बघा. काळपट, गोल, जाड खडबडीत कवचाचं ते गोल जंताचं अंडं. पातळ कवच, लांबट, आत द्राक्षांसारख्या पेशी तो अंकुशकृमी. दोन्ही टोकांना बूच लावलेलं लिंबू दिसलं तर चाबूककृमी, त्याला तीन दिवसांचं फेनबेंडाझोल आणि तीन महिन्यांनी पुन्हा. पट्टकृमीची अंडी सहसा तरंगत नाहीत, ते डोळ्यांनीच बघायचे. गटात अंडी निघाली तर त्या पूर्ण गटाला औषध, आणि १४ दिवसांनी तीच तपासणी. तेव्हाही तितकीच अंडी दिसली तर आधी डोसाचं वजन आणि बाटलीचा टक्का तपासा, औषध नंतर बदला.